बंद करून बघू

“टेन्शन म्हणू नगंस! त्येचं नाव सांग!”

अण्णा ओरडत होते. जिन्याच्या तळाशी उभे राहून, हातात तेलाची बुधली घेऊन, आणि असे की आमच्या वडगावातल्या गल्लीतून निघालेला आवाज ऐकून खासबागेच्या बाजारातले भाजीवाले हातातली तागडी धरून थबकले असतील. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर पोट धरून बसलो होतो. रविवारची संध्याकाळ. माझा गुन्हा एवढाच, की “काय झालं रं?” असं त्यांनी विचारल्यावर मी “काही नाही अण्णा, जरा टेन्शन आहे,” म्हणालो होतो.

“टेन्शन म्हंजे काय? गावाचं नाव हाय? चिकोडीच्या बशीला पाटी असती तशी त्येला पाटी हाय? कुठलं टेन्शन, कुणाकडनं आलंय, किती वाजता येतंय, आल्यावर कुठं बसतंय? लेका, घरात चोर शिरला तर ‘जरा माणूस आलाय’ म्हणून बसून ऱ्हाशील काय?”

“साहेबांचं आहे अण्णा. उद्या सोमवार...”

“साहेब न्हवं. समदी साहेबच म्हणत्यात.” त्यांनी बुधली पायरीवर ठेवली, डोळे बारीक केले आणि माझ्या पोटाकडे कान करून उभे राहिले. खरंच कान करून. मग मान हलवली. “बंद करून बघू.”

‘बंद करून बघू’ हे तीन शब्द मी अण्णांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले, की त्यांच्या घरातून मी बाहेर पडलो तेव्हा ते शब्द माझ्या सामानात आपोआप आले असावेत.

अण्णा माझे घरमालक. खाली त्यांचा यंत्रमागांचा कारखाना, मागच्या बाजूला त्यांचं स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, वर माझी एक खोली. मी निपाणीचा, बेळगावला कॅम्पातल्या एका शाळेच्या ऑफिसात लागलो आणि स्वस्त खोली शोधत वडगावात पोचलो. स्वस्त का होती ते पहिल्या सकाळी कळलं. खाली माग सुरू झाले आणि माझी खाट चालू लागली. अतिशयोक्ती नाही. सकाळी भिंतीशी असलेली खाट संध्याकाळी दाराशी येऊन उभी असायची, जणू मला घ्यायला आली आहे. चहात साखर ढवळायला चमचा लागत नसे. कप फरशीवर ठेवायचा, खाली मागावर सूत घेऊन ये-जा करणाऱ्या धोट्याच्या थोड्या येरझाऱ्या होऊ द्यायच्या, की चहा तयार. दाढीला तर मी नुसतं ब्लेड धरून उभा राहायचो, गाल आपण होऊन हलायचा. आवाजाबद्दल तक्रार केली तेव्हा अण्णा म्हणाले, “आवाजाचं भाडं घेत न्हाय मी. त्यो फुकट.” आणि खरं सांगायचं तर महिन्याभरात मला त्या आवाजावाचून झोप येईना. निपाणीला घरी गेलो की आईला रिकामा मिक्सर फिरवायला सांगायचो.

अण्णा अंगाने काटकुळे. बनियनवर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर सुताचे तंतू चिकटलेले असायचे, त्यामुळे भुवया पांढऱ्या आहेत की पांढऱ्या दिसतात हे घरातल्या माणसांनाही नक्की सांगता येत नव्हतं. जेवायचे उभ्याने. बोलायचे ओरडून, कारखान्यातली सगळीच माणसं ओरडून बोलतात, पण अण्णा लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला “मीठ दे” म्हणाले की पलीकडच्या मांडवातून मीठ यायचं.

आणि त्यांचं सगळं शहाणपण त्या कारखान्यातून आलेलं. एका ओळीत माग चालू असतात. मधेच कुठूनतरी वेगळा आवाज येतो, करकर म्हणा, खडखड म्हणा. एवढ्या गोंगाटात तो कुठल्या मागाचा हे नुसत्या कानाने सांगता येत नाही. मग एकेक माग बंद करायचा. जो बंद केल्यावर खडखड थांबते, तो त्याचा. “आनि ध्येनात ठेव,” अण्णा म्हणायचे, “ज्या मागाचा वाटतोय, त्या मागाचा कवाच नसतोय.” ही युक्ती त्यांनी मागांवरून उचलून सगळ्या जगाला लावली होती. डोकं दुखतंय? चिडचिड होतेय? झोप नाही? दिवसातली एकेक गोष्ट घ्यायची, आठवडाभर बंद ठेवायची, आणि बघायचं.

स्वतःवरच त्यांनी हा प्रयोग प्रथम केला असं आक्का सांगायच्या. आक्का म्हणजे त्यांच्या बायको. गल्ली त्यांना आक्का म्हणे म्हणून मीही. अण्णा रोज सकाळी पेपर वाचताना संतापायचे. सीमाप्रश्नावर संतापायचे, पाण्यावर संतापायचे, पार परदेशातल्या निवडणुकांवर संतापायचे. आठवडाभर पेपर बंद केला. संताप तसाच, फक्त आता भिंतीवर. चहा बंद केला, संताप वाढला. शेवटी बसायचं स्टूल बंद केलं आणि पायरीवर बसून पेपर वाचला, तर मंत्र्यांबद्दलसुद्धा मायेने बोलायला लागले. स्टुलाचा एक पाय आखूड होता. माणूस कितीतरी वर्षं त्या स्टुलावर तोल सांभाळत बसत होता आणि दोष दिल्ली-बेंगळूरला देत होता. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. सीमाप्रश्न आहे तिथंच आहे, पण अण्णांची सकाळ सुटली.

तर माझं पोट. दर रविवारी संध्याकाळी, उद्या कामावर जायचं म्हटलं की दुखायचं. पहिल्यांदा साहेबांना बंद केलं. म्हणजे रविवारी त्यांचा फोन आला की अण्णा माझा मोबाइल सुताच्या पोत्यात खुपसून ठेवायचे. पोट दुखलंच. मग रविवारचं मटण बंद केलं. त्या आठवड्यात माझ्यापेक्षा अण्णांचा चेहरा जास्त सुतकी होता, कारण आक्कांच्या हातचं मटण माझ्याबरोबर तेही खायचे. पोट दुखलंच. मग एका शनिवारी त्यांनी माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. “सोमवारी बशीनं जायचं.” आणि काय सांगू, त्या रविवारी संध्याकाळी माझं पोट एखाद्या गाढ झोपलेल्या मांजरासारखं शांत.

झालं असं होतं, की कॅम्पाकडे जाताना वाटेत रेल्वेचं फाटक लागायचं. फाटक पडलं की मी गाडी बंद करायचो, आणि ते उघडलं की माझी गाडी चालू व्हायची नाही. मागे अख्खं बेळगाव हॉर्न वाजवत उभं. रिक्षावाले, दूधवाले, मिलिटरीचा ट्रक, आणि एकदा तर लग्नाची वरात. नवरदेवाने घोड्यावरून वाकून मला ‘किक मारा, किक’ असा सल्ला दिलेला. मी साहेबांना घाबरत नव्हतोच. मी फाटकाला घाबरत होतो.

“बगितलास?” अण्णा ओरडले. “साहेब मोठा दिसतोय म्हणून त्येच्यावर नाव जातंय. चावतंय ते बारकं.”

प्लग बदलला, थोडा वळसा घालून पुलावरून जायला लागलो. साहेब तसेच राहिले. पण एकदा पोटाचं दुखणं त्यांच्या नावावरून काढल्यावर तो माणूस मला चक्क बरा वाटू लागला.

या प्रकारानंतर अण्णांचं नाव पसरलं. गल्लीतली माणसं संध्याकाळी पायरीवर येऊन बसायची आणि आपापली दुखणी सांगायची. तिथं एकच गोष्ट म्हणायला बंदी होती: ‘काळजी करू नका.’ कुणी म्हटलं रे म्हटलं, की अण्णा त्याला उठवायचे. “काळजी करू नगा म्हणणारा तेवढं बोलतोय आनि आपण घरला जातोय. काळजी बसतीया हितंच. एक तर तिचं नाव सांग, न्हायतर गप बस.”

सगळेच उपाय लागू पडले असं मात्र नाही. अण्णांचा उपाय चुकला तर तोही वाजतगाजत चुकायचा. समोरच्या घरातला एक गृहस्थ सकाळी उठल्याउठल्या धडधडतं म्हणून आला. चौकशीअंती अण्णांनी त्याला नातेवाइकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमधून बाहेर काढलं, कारण पहाटेपासून त्यात फुलांची चित्रं आणि सुप्रभात पडत होतं. दुपारपर्यंत सासुरवाडीत बातमी, जावई रागावले. संध्याकाळी खानापूरहून सासरे आले, रात्री मेहुणे आले, दुसऱ्या दिवशी मध्यस्थी करायला एक मामा आले ज्यांना तो ओळखतही नव्हता. सगळ्यांना जेवायला वाढून वाढून त्याची बायको अण्णांशी कित्येक दिवस बोलली नाही. अण्णा म्हणाले, “माझं चुकलं न्हाय. त्येचा माग दुसऱ्याच्या पट्ट्यावर चालतोय, मला काय म्हाईत?”

आता मी निपाणीला परत आलोय. बायको आहे, पोरगी आहे, हप्ते आहेत, रोजची कटकट आहे. अजूनही मी कधी भिंतीकडे बघत ‘सगळंच डोक्यावर बसलंय’ असं म्हणतो, तेव्हा मला जिन्याखालचा तो आवाज ऐकू येतो. सगळं कधीच बसत नाही. सगळं बसलं असतं तर माणूस उठलाच नसता. काहीतरी एक असतं. परवाच शोधून काढलं, की संध्याकाळी घरी आल्यावर मी सगळ्यांवर जो खेकसतो, त्याचं मूळ आमच्या अंगणाच्या फाटकाची कडी आहे. ती एका हाताने उघडत नाही, आणि माझ्या दोन्ही हातांत पिशव्या असतात. कडी बदलली. पोरगी म्हणाली, बाबा बदलले.

पण अण्णा म्हटलं की मला कडी आठवत नाही आणि स्टूलही आठवत नाही. आठवते ती आक्कांच्या आजारपणाची गोष्ट.

आक्का मुळात बोलायच्या कमी. अण्णा दोघांच्या वाटणीचं बोलत असल्यामुळे त्यांना ते परवडायचं. स्वयंपाक उरकला की कारखान्याच्या दाराशी बसून कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. हात चालू, नजर आतल्या मागांवर. एका सकाळी पाणी भरताना त्या नळापाशीच कोसळल्या. घागर एकीकडे, आक्का एकीकडे. मी आणि अण्णांनी रिक्षात घालून त्यांना कॅम्पातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, बघितलं, परत फुगवलं, परत बघितलं. प्रेशर.

“गोळी रोज घ्यायची, मीठ कमी करायचं,” डॉक्टर म्हणाले. “आणि कशाची तरी काळजी लागलीय त्यांना. ती कशाची ते शोधा आणि कमी करा. परत अशा पडल्या तर हात जाईल, पाय जाईल, वाचा जाईल, मी सांगू शकत नाही.”

आक्का भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. अण्णा रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. वडगावापर्यंत गप्प अण्णा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. रिक्षावालासुद्धा दोनदा मागे वळून बघत होता, माणूस उतरला की काय म्हणून. घरी आल्यावर आक्कांना निजवलं आणि ते कारखान्यात जाऊन एका मागाला टेकून उभे राहिले. मी गेलो तर म्हणाले, हळू म्हणाले:

“माग बिगडला तर दुसरा आणता येतोय रं.”

मग बुधली उचलली. “शोधू. बंद करून बघू.”

आणि सुरू झालं. आधी टीव्हीवरची मालिका बंद. त्यात एका सासूचा जीव जाता जात नव्हता, तिची काळजी आक्कांना लागली असणार असं अण्णांचं म्हणणं. मालिका बंद झाली तर शेजारच्या बाया रोज दारात येऊन, काल काय झालं ते अभिनयासकट करून दाखवायला लागल्या. मूळ मालिकेत एकच सासू होती, इथं तीन झाल्या. मग पाहुणे बंद. दारात अण्णा स्वतः उभे राहून लोकांना परत पाठवायचे. त्यांच्या सख्ख्या भावाला त्यांनी पाणी पाजून उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. मग कांड्या भरणं बंद. रिकाम्या हातांचं काय करावं म्हणून आक्कांनी स्वयंपाकघरातले डबे लावायला घेतले, आणि नंतर आठवडाभर आम्ही चहात साखर म्हणून रवा घालत होतो. अण्णांनी प्रेशर मोजायचं यंत्र विकत आणलं होतं. दर रविवारी आक्कांच्या दंडाला पट्टा बांधून बसायचे, वैद्याला शोभेलसा चेहरा करून. आकडा जागचा हलायचा नाही. गोळी चालू, मीठ कमी, तरी हलायचा नाही.

आक्का काही म्हणाल्याचं मला कधी ऐकू आलं नाही. अण्णा जे बंद करतील ते बंद. एवढंच मला दिसायचं, की कांड्या काढून घेतल्या तरी त्या कारखान्याच्या दाराशी येऊन बसायच्याच, आणि आत बघत राहायच्या.

“सगळं बंद करून झालं,” एके दिवशी अण्णा म्हणाले. “एकच ऱ्हायलंय.”

“काय?”

त्यांनी कारखान्याकडे बोट केलं.

लग्नसराई तोंडावर होती. शहापूरच्या दुकानदाराला साड्या द्यायच्या होत्या. तरी एका मंगळवारी, भर दुपारी, अण्णांनी एकेका मागाची कळ दाबली. प्रत्येक मागाच्या पाठीवर हात ठेवून, बैलाला थोपटावं तसं थोपटून. शेवटचा माग थांबला आणि त्या घरात मी कधी न ऐकलेली शांतता पडली. मी सुट्टीवर होतो, वर खोलीत होतो. मला माझ्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं. भिंतीवरची पाल चुकचुकली ती ऐकू आली. इतकी वर्षं नुसत्या थरथरीवर टिकून राहिलेला छपराचा एक पोपडा आधार गेल्यासारखा खाली पडला. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या कारखाना थांबला की त्याची कारणं दोनच. लाइट गेली, नाहीतर माणूस गेलं. घरात मयत झाली की पहिल्यांदा माग बंद करायचे. निरोप नंतर जातो, शांतता आधी पोचते. आणि त्या दुपारी शेजारपाजारचे माग धडाडून चालले होते. म्हणजे लाइट होती.

म्हणजे माणूस गेलं होतं.

समोरचे म्हातारे तात्या खांद्यावर टॉवेल टाकून आधी आले आणि कट्ट्यावर मान खाली घालून बसले. मग दोघे आले. मग चौघे. बाया डोक्यावर पदर घेऊन भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून एकीने चहाची किटली आणली. आणि मग मान म्हणून शेजारच्याने आपले माग बंद केले. त्याच्या पलीकडच्याने त्याचे. कुणी दिवे मालवत जावं तशी ती शांतता एकेक घर करत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मी खिडकीतून बघत होतो. खरोखर कुणीतरी गेलंय असं मलाही वाटायला लागलं.

“लई सोसलं माउलीनं,” तात्या हळू आवाजात म्हणाले. “प्रेशरचंच झालं असणार.”

“सवाष्ण गेली,” एक बाई म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

तेवढ्यात दार उघडलं आणि माउली स्वतः केरसुणी घेऊन बाहेर आली.

मी तुम्हाला सांगतो, एवढ्या माणसांनी एकदम श्वास आत घेतल्याचा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. किटलीवालीच्या हातातून किटली सुटली. तात्यांनी तर हात जोडले. मग त्यांच्या डोक्यात पुढचा हिशेब झाला. आक्का इथं उभ्या आहेत. माग बंद आहेत. अण्णा कुठं दिसत नाहीत.

“आरं द्येवा,” तात्या म्हणाले. “म्हंजे अण्णा! कवा झालं गं पोरी?”

ती किटलीवाली पुढे झाली आणि आक्कांच्या गळ्यात पडून रडायला लागली. “अण्णा गेलं गंऽ, कसं सोडून गेलं गंऽ!” बाकीच्यांनी सूर धरला.

आक्कांचा चेहरा मी वरून बघत होतो. हसतील, रागावतील, असं मला वाटलं. त्या पांढऱ्या पडल्या. त्यांनी मान वळवून कारखान्याकडे बघितलं. तिथून कसलाच आवाज येत नव्हता. हातातली केरसुणी तशीच धरून, गळ्यातली बाई बाजूला ढकलून आक्का आत धावल्या. मी जिना उतरून त्यांच्यामागे गेलो.

दोन मागांच्या मधल्या बोळात, जमिनीवर, अण्णांचे पाय दिसत होते. नुसते पाय. बाकीचे अण्णा मागाखाली.

आक्का ओरडल्या. मी त्यांचा चढा आवाजही कधी ऐकला नव्हता, आणि ती किंकाळी अशी होती की अण्णांनी आयुष्यभरात केलेला सगळा आरडाओरडा तिच्यापुढे कुजबूज.

पाय हलले. मागाखालून काळंमिट्ट झालेलं तोंड बाहेर आलं. माग बंद आहेतच तर खालचा मळ काढू म्हणून गृहस्थ आत शिरलेला.

“काय झालं? कोण गेलं?” अण्णांनी विचारलं.

आक्का तिथंच खाली बसल्या आणि रडल्या. बाहेर गल्लीला काय ते कळलं असावं, कारण आधी कुणीतरी हसलं, मग तात्या शिव्या द्यायला लागले, मग एकेक करून सगळ्यांचे माग पुन्हा सुरू झाले. आक्का मात्र रडतच होत्या. अण्णांनी तेलकट हातांनी पट्टा बांधला. आकडा आता जागेवरून हलला होता, पण वर गेला होता. इतका वर, की अण्णांनी यंत्राला दोन चापट्या मारून बघितल्या. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम.

आम्ही तिघं रिक्षात बसलो आणि कॅम्प गाठला.

डॉक्टरांनी आक्कांना झोपवलं, गोळी दिली, जरा वेळ जाऊ दिला. मग माझ्याकडून सगळी हकीकत ऐकली. हसू दाबायला त्यांना दोनदा खिडकीपाशी जावं लागलं. मग ते परत आले, आणि इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकालाही जे सुचलं नव्हतं ते त्यांनी केलं. खुर्ची ओढून आक्कांच्या जवळ बसले.

“आक्का, तुम्हीच सांगा. काळजी कशाची आहे?”

“माझं ऱ्हाऊ दे,” आक्का म्हणाल्या. “हेंचं बगा.”

“ह्यांचं काय?”

“जिना चढताना भिंत धरत्यात. माग सुरू करायला वाकलं की डोळे मिटून उभं ऱ्हात्यात. छाती चोळत्यात आनि मला म्हणत्यात ग्यास झालाय. ग्यास एवढे दिवस असतोय व्हय?” एका दमात एवढं बोलून आक्कांना धाप लागली. “मी दारात बसून बगत असतो ओ. माग चाललाय तवर हे हाईत. थांबला की माझा जीव थांबतोय. आज समदेच थांबले.”

“काय बी बोलतीया!” अण्णा म्हणाले. “मला काय झालंय?”

“हात द्या,” डॉक्टर म्हणाले.

घरात ते यंत्र आल्यापासून तो पट्टा आक्कांच्या दंडाला लागला होता, माझ्या लागला होता, तात्यांच्या लागला होता, दुधवाल्यालासुद्धा अण्णांनी उंबऱ्यावर बसवून मोजला होता. स्वतःच्या दंडाला त्यांनी तो एकदाही बांधला नव्हता. आता डॉक्टरांनी बांधला. फुगवला. बघितलं. मग दुसऱ्या हाताला बांधून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“तुम्ही रिक्षात बसून आलात?” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला उचलून आणायला हवं होतं. झोपा. इथंच झोपा, आत्ता.”

पुढचं सगळं ठीक झालं. अण्णांना काही दिवस दवाखान्यात ठेवलं, गोळ्या लागल्या. माग चालवायला माणूस ठेवला. आक्कांचा आकडा तर कुठलीही नवी गोष्ट बंद न करता खाली उतरला. डॉक्टरही चकित झाले. मालिका परत सुरू झाली, आणि ती सासू अजून जिवंत होती. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी दवाखान्यात शेजारीशेजारी दोन खाटा होत्या. एका खाटेवर आक्का, एकीवर अण्णा. मधे स्टुलावर मी.  अण्णांना त्या शांततेत कसं पडावं ते कळत नव्हतं. मग त्यांनी मान वळवली.

“एवढं सगळं बंद केलो मी. एकेक. तू बगत बसलीस. तोंडानं सांगायचं न्हाय व्हय, काळजी माजीच हाय म्हणून?”

आक्कांनी पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं.

“सांगिटलं की,” आक्का म्हणाल्या. “माग चालू हुते.”